कारखाने बाहेर न्यायचे होते

चिंचपोकळीची अलेक्झांड्रा गिरणी विकून मोकळे झाल्यावर जमशेटजी टाटांनी नव्या गिरणीसाठी मुंबईत जागा शोधली नाही. त्यांनी नागपूर गाठले. वऱ्हाडचा कापूस हाताशी होता, वरोऱ्याचा कोळसा जवळ होता आणि १८६७ पासून रेल्वे थेट नागपुरापर्यंत येत होती. जुम्मा तलावाच्या बाजूची दलदलीची जमीन त्यांनी घेतली, तेव्हा गावातल्या सावकारांना हा माणूस पैसा चिखलात घालतो आहे असेच वाटले. १ जानेवारी १८७७ रोजी, म्हणजे व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केले त्याच दिवशी, गिरणी सुरू झाली आणि तिचे नाव एम्प्रेस पडले. ती चालली, आणि चांगलीच चालली.

मुंबई सोडून कारखाना काढायचा तर त्यासाठी काय काय जुळून यावे लागते, हे या एका उदाहरणात दिसते. माल, इंधन, पाणी आणि रेल्वे ही चारही नागपुरात होती आणि त्यांच्यासाठी कुणी सवलत दिलेली नव्हती. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत मात्र पारडे मुंबईकडे झुकत गेले. बंदर तिथेच, बँका तिथेच आणि १९१५ पासून वीजही तिथेच. लोणावळ्याच्या तलावांचे पाणी खोपोलीला खाली सोडून टाटांनी वीज निर्माण केली आणि तारा टाकल्या त्या परळ-लालबागच्या गिरण्यांपर्यंत. सह्याद्रीवर पडणाऱ्या पावसाने मुंबईची चाके फिरू लागली.

या ओढीतून निसटलेली जी थोडी गावे होती, ती बहुतेक संस्थानांतली. औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल स्टेशनालगतचे माळरान दिले, म्हणून १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांचा नांगरांचा कारखाना तिथे उभा राहिला आणि पुढे त्या माळाची किर्लोस्करवाडी झाली. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीची काच औंधच्याच मुलखात तयार झाली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी गिरणी काढली. इचलकरंजीचे माग जहागीरदारांच्या आधाराने वाढले. उद्योगाला जमीन देणे आणि पहिली काही वर्षे सांभाळून घेणे, हे सरकारी धोरणाचे बीज मंत्रालयाच्या फायलींच्या किती तरी आधी या छोट्या दरबारांनी पेरले होते. इंग्रजी मुलखात तेवढीही सोय नव्हती.

स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न राजकीय झाला. मराठी भाषकांचे एक राज्य हवे, या मागणीत तीन निरनिराळ्या इतिहासांचे प्रदेश एकत्र यायचे होते. मुंबई इलाख्यातला भाग, निजामाच्या राज्यातले मराठवाड्याचे पाच जिल्हे आणि मध्य प्रांत-वऱ्हाडातले विदर्भाचे आठ. नागपूर तेव्हा एका राज्याची राजधानी होती. मुंबईशी जोडले गेल्यावर ती राहणार नव्हती आणि तिथल्या पुढाऱ्यांना हे पक्के ठाऊक होते. मराठवाड्याजवळ गमावण्यासारखी राजधानी नव्हती, पण निजामाच्या अमदानीत शाळा, रस्ते, वीज या सगळ्यांतच तो मागे राहिला होता. मनमाडहून औरंगाबादेकडे जाणारी रेल्वे मीटरगेज होती, म्हणजे मुंबईकडून येणारा-जाणारा प्रत्येक डबा मनमाडला रिकामा करून पुन्हा भरावा लागे.

२८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार या अविश्वासातून आला. यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे, रा. कृ. पाटील, गोपाळराव खेडकर, शेषराव वानखेडे, देवीसिंग चौहान अशा तिन्ही भागांतल्या पुढाऱ्यांनी त्यावर सह्या केल्या. खर्चाची वाटणी लोकसंख्येच्या प्रमाणात, मराठवाड्याकडे खास लक्ष, उच्च न्यायालयाचे खंडपीठ नागपुरात, वर्षातून एक अधिवेशन नागपुरात, नोकऱ्यांत आणि उच्च शिक्षणात वाटा असे त्याचे कलमवार स्वरूप होते. तरीही राज्यपुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाने १९५५ साली विदर्भाचे वेगळे राज्य सुचवले. ते झाले नाही. मात्र १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३७१ व्या अनुच्छेदात विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित भाग यांच्यासाठी स्वतंत्र विकास मंडळे नेमण्याची आणि निधीच्या न्याय्य वाटपाची खास जबाबदारी राज्यपालांवर सोपवण्याची तरतूद आली. ती तरतूद अडतीस वर्षे पुस्तकात पडून राहिली.

अधिवेशन आणि खंडपीठ यांचा निर्णय सरकार सहीने करू शकत होते. कारखाने तसे हलत नाहीत. मुंबईत खाजगी भांडवल होते आणि ते आपल्या सोयीने बसत होते. तिकडे मुंबईचाच श्वास कोंडत होता. १९५८ साली नेमलेल्या अभ्यासगटाचे प्रमुख होते स. गो. बर्वे. हे आयसीएस अधिकारी पुढे राज्याचे अर्थमंत्री झाले. या गटाने ठाण्याच्या खाडीवर पूल बांधून पलीकडे वस्ती वसवावी असे सुचवले. पुणे-नागपूरकरांना उद्योग हवे होते आणि मुंबईला ते थोडे कमी हवे होते. दोन्ही गरजा एकाच वेळी पुढे आल्या, म्हणूनच १ मे १९६० नंतर या बाबतीत सरकार इतक्या वेगाने हलले असावे. एरवी मागास भागाच्या विकासाला एवढी घाई कुणी करत नाही.

राज्यस्थापनेच्याच वर्षी बोरकर समितीच्या शिफारशींवरून १ ऑक्टोबरला औद्योगिक विकास मंडळ बसले. पाठोपाठ १९६१ चा महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम आला आणि १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे सगळ्यांच्या तोंडातली एमआयडीसी, ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये सुरू झाली. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण समारंभाला होते. काही महिन्यांतच चीनच्या युद्धामुळे ते संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. पुढचे बांधकाम मारोतराव कन्नमवारांच्या आणि मग १९६३ पासून अकरा वर्षे वसंतराव नाईकांच्या काळात झाले.

या महामंडळाची रचना नीट पाहण्यासारखी आहे, कारण त्याचे यश तिच्यात आहे आणि त्याच्यावरचा रागही तिच्यातच आहे. कायद्याने त्याला तीन गोष्टी एकत्र दिल्या. जमीन संपादन, तिच्यावर रस्ते, पाणी, गटारे उभारणे आणि तिथल्या बांधकामांना परवानगी देणे. उद्योजकाला कलेक्टर कचेरी, नगरपालिका, पाटबंधारे खाते अशी दारे झिजवावी लागणार नव्हती. भूखंड ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळे. त्या पैशातून पुढचे क्षेत्र उभे राही. दरवर्षीच्या अंदाजपत्रकाकडे डोळे लावून बसायची वेळ महामंडळावर फारशी आली नाही आणि अशा सरकारी संस्था हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच असतील.

यात खरे मोलाचे होते ते पाणी. अंबरनाथ, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात कारखाने बोलवायचे तर नुसती आखलेली जमीन पुरणार नव्हती. रसायन, कापड-प्रक्रिया, औषधे यांना रोज भरपूर पाणी लागते. एमआयडीसीने बदलापूरजवळ बारवी नदीवर स्वतःचे धरण बांधले, उल्हास नदीच्या पाण्यावर शुद्धीकरण केंद्रे उभारली आणि जलवाहिन्या टाकल्या. उद्योगांसाठी असलेली एक सरकारी संस्था धरण बांधते हीच मुळात नवलाची गोष्ट होती. पुढे त्या जलवाहिन्यांच्या दुतर्फा माणसेही दाटली. कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ या शहरांतल्या कित्येक वस्त्या आजही एमआयडीसीचे पाणी पितात. गृहसंकुल विकणारा बिल्डर जाहिरातीत पाण्याचा उल्लेख करतो, तेव्हा बऱ्याचदा तो याच पाण्याबद्दल बोलत असतो. धरणाची उंची नंतर टप्प्याटप्प्याने वाढत गेली आणि मुरबाड तालुक्यातली गावे आणि आदिवासी पाडे त्यात गेले. त्यांच्या पुनर्वसनाचा वाद दशकानुदशके चालला.

पिंपरी-चिंचवडलाही तसेच झाले. पेनिसिलीनचा सरकारी कारखाना, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, १९५४-५५ सालीच पिंपरीत आला होता. पवनेचे पाणी होते, मुंबईला जाणारी रेल्वे आणि रस्ता होता, पुण्यातून शिकून बाहेर पडलेले डिप्लोमावाले होते. एमआयडीसीने भोसरी, आकुर्डी, चिंचवडची माळराने ताब्यात घेतली. बजाज ऑटो आली, टेल्को आली आणि तिच्यामागे तिला सुटे भाग पुरवणारी शेकडो छोटी वर्कशॉप आली. खरी वाढ या वर्कशॉपांची. मोठा कारखाना एकदा येतो, पण त्याच्यामागे येणारा लेथवाला पुढचे वीस कारखाने आणतो. १९७० साली इथे नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका. नाशिकला सातपूर आणि अंबड, औरंगाबादला चिकलठाणा, नागपूरला हिंगणा ही क्षेत्रे त्याच काळात आखली गेली. शेजारच्या गुजरातनेही १९६२ सालीच आपले औद्योगिक महामंडळ काढले. दोन राज्ये एकाच दिवशी जन्मली आणि पहिल्या दोन वर्षांतच त्यांची उद्योगांसाठी शर्यत लागली.

जमीन आणि पाणी झाले. सवलतींचे काम वेगळ्या हातात गेले. १९६४ साली राज्याने सामूहिक प्रोत्साहन योजना काढली आणि ती राबवायला १९६६ साली सिकॉम नावाची कंपनी स्थापन केली. योजनेचे मर्म विक्रीकरात होते. कारखानदार गिऱ्हाइकाकडून विक्रीकर घेणार, पण तो लगेच तिजोरीत न भरता काही वर्षे बिनव्याजी वापरणार किंवा काही योजनांत तो पूर्ण माफ होणार. मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्यापासून जितके लांब आणि जितके मागास, तितकी सवलत जास्त. त्यासाठी तालुक्यांची प्रतवारी झाली. अ, ब, क, ड, नंतर ड-अधिक आणि ज्या जिल्ह्यात उद्योगच नाही त्याला आणखी वरची पायरी. नव्या आवृत्त्या निघत राहिल्या. १९६९, १९७३, १९७९, १९८३, १९८८, १९९३. प्रत्येक वेळी सवलत वाढली.

कारखानदारांनी नकाशा सरकारपेक्षा नीट वाचला. सवलत तालुक्याला मिळते, अंतराला नाही, हे ध्यानात आल्यावर विकसित भागाच्या सीमेपलीकडे पाऊल टाकले की काम होते. पुणे जिल्हा संपवून नीरा नदी ओलांडली की सातारा जिल्ह्यातले शिरवळ येते. पुण्याचे बाजार, पुण्याचे इंजिनिअर, पुण्याचीच घरे आणि सवलत मात्र मागास तालुक्याची. शिरवळ वाढले ते असे. नाशिकच्या बाजूला सिन्नर तसेच. खुद्द राज्याच्या सीमेबाहेर दादरा-नगर हवेली आणि दमण इथे केंद्रशासित प्रदेशांच्या करसवलती होत्या आणि मुंबईतल्या प्लास्टिक-सूत वगैरेंच्या छोट्या कारखान्यांनी रत्नागिरी-परभणीऐवजी सिल्वासाची वाट धरली. तिथून भिवंडीच्या गोदामात माल संध्याकाळी पोचत होता, हे कारण त्यांना पुरेसे होते.

उद्योग मुंबईतून बाहेर ढकलण्याचे प्रयत्नही याच काळातले. १९६५ साली ‘मार्ग’ नियतकालिकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडच्या जोडशहराची कल्पना मांडली. त्याच वर्षी धनंजयराव गाडगीळांची समिती नेमली गेली आणि उद्योगांची पांगापांग करून अनेक केंद्रांचा महानगर प्रदेश वसवावा असे तिने सांगितले. हे जोडशहर वसवायला १७ मार्च १९७० रोजी सिकॉमची उपकंपनी म्हणून ३.९५ कोटी रुपयांच्या भांडवलावर सिडको निघाली. १९७४ च्या औद्योगिक स्थान धोरणाने मुंबईत नव्या मोठ्या कारखान्यांना बंदी आली आणि जुन्यांच्या विस्तारालाही लगाम बसला. पण मुंबईतून उद्योग खऱ्या अर्थाने बाहेर पडला तो या कागदांनी नव्हे. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख माणसे बाहेर पडली आणि कापडाचे काम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर गेले. वीस वर्षे उद्योग खाते ज्या विकेंद्रीकरणाची स्वप्ने पाहत होते, ते अशा रीतीने घडले. त्यात भविष्य निर्वाह निधी नव्हता, पाळ्यांचे बंधन नव्हते आणि सरकारचा हातही नव्हता.

आता दुसरी बाजू. ज्यांच्या जमिनीवर हे उभे राहिले त्यांना कायद्याचे कलम ३२ तोंडपाठ झाले. आधी ‘बत्तीस-दोन’ची नोटीस येते, हरकती ऐकल्या जातात, मग ‘बत्तीस-एक’ निघाले की जमीन सरकारची. या दोन आकड्यांवर तळेगावपासून रांजणगावपर्यंत गावागावांत बैठका झाल्या, मोर्चे निघाले. ज्यांची जमीन पन्नास-साठ वर्षांपूर्वी कवडीमोलाने गेली त्यांची नातवंडे आज त्याच भूखंडावरच्या कंपनीत कंत्राटी सुरक्षारक्षक आहेत, ही तक्रार पुणे जिल्ह्यात सर्रास ऐकू येते. ज्यांची जमीन उशिरा गेली, भाव वाढल्यावर गेली, त्यांच्या दारात गाड्या उभ्या राहिल्या. कायदा एकच होता. नोटीस कोणत्या दशकात आली, एवढ्यावर घराचे नशीब ठरले.

आणि कोकण. मुंबईजवळचे, पावसाचे, बंदराचे, पण शेतीला कमी वाव असलेले. जी रसायने मुंबईच्या मध्यात नको होती ती तारापूर, रोहा, महाड, लोटे-परशुराम इथे गेली. महाडजवळ सावित्री आणि लोट्याजवळ वाशिष्ठी-दाभोळची खाडी यांच्यावर जगणाऱ्या मच्छीमारांनी या विकासाची किंमत सगळ्यात आधी मोजली. सांडपाण्याची सामायिक प्रक्रिया केंद्रे कारखान्यांच्या बऱ्याच नंतर आली. डोंबिवलीत तर कारखाने आणि इमारती यांच्यातली मोकळी जागाच भरून गेली. मे २०१६ आणि मे २०२४ मध्ये तिथल्या रासायनिक कारखान्यांत स्फोट झाले आणि आसपासच्या घरांच्या काचा फुटल्या. एके काळी गावाबाहेर आखलेला भूखंड आता शहराच्या पोटात आहे.

मागास भागांना खास आपल्या अशा संस्थाही मिळाल्या. मराठवाडा विकास महामंडळ १९६७ साली निघाले, मग विदर्भ, कोकण आणि पश्चिम महाराष्ट्र यांची महामंडळे. त्यांच्या हाती ना जमीन होती ना पाणी. होते ते थोडे भागभांडवल आणि खुर्च्या. छोट्या प्रकल्पांत हिस्सा घ्यायचा, उपकंपन्या काढायच्या, त्या आजारी पडल्या की आणखी पैसे मागायचे, अशी त्यांची वाटचाल झाली. नाराज आमदाराला अध्यक्षपद द्यायला ती सोयीची होती. शेवटी सरकारलाच ती गुंडाळायचा निर्णय घ्यावा लागला. एमआयडीसी आणि ही महामंडळे एकाच मंत्रालयाची अपत्ये होती, पण एकीला कायद्याने अधिकार दिले आणि दुसऱ्यांना फक्त प्रदेशाचे नाव.

१९७४ साली मराठवाड्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले. नोकऱ्यांची भरती, रेल्वेचे रुंदीकरण, पाटबंधारे, उद्योग अशा मागण्या होत्या. वसमतला गोळीबार झाला आणि आंदोलन पाचही जिल्ह्यांत पसरले. हैदराबाद मुक्तिसंग्रामातले गोविंदभाई श्रॉफ मराठवाडा जनता विकास परिषदेच्या माध्यमातून पुढची दोन दशके हाच हिशेब मांडत राहिले. आंदोलनाच्या पुढच्याच वर्षी शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री झाले. १९७६ च्या फेब्रुवारीत इंदिरा गांधींच्या हस्ते पैठणच्या जायकवाडी धरणाचे उद्घाटन झाले.

औरंगाबादचे भाग्य उजळले ते खरे या धरणाने. चिकलठाणा आधीपासून होतेच. आता एमआयडीसीने नाथसागरातून, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयातून, उद्योगांसाठी स्वतंत्र पाणीयोजना केली, वाळूजचे क्षेत्र आखले आणि १९८५ साली बजाज ऑटो तिथे आली. सवलती होत्या हे खरे, पण त्याच सवलती बीड आणि उस्मानाबादलाही होत्या आणि तिथे बजाज गेली नाही. पाणी, तालुक्याची प्रतवारी, मुंबई-पुण्याकडचा रस्ता आणि विद्यापीठाचे शहर एकत्र आले ते फक्त औरंगाबादला. चितेगावला व्हिडिओकॉन, वाळूज-चिकलठाण्यात औषध कंपन्या आणि बिअरचे कारखाने अशी दाटी झाली. १९९० च्या दशकात मनमाड-औरंगाबाद मार्ग रुंद झाला. पाण्याचा विरोधाभासही इथेच दिसतो. एमआयडीसीच्या वाहिनीतून कारखान्यांना नियमित पाणी येते आणि शहरातल्या नळाला काही काही दिवसांआड. मराठवाड्याच्या वाट्याला उद्योग आले हे आकडेवारीत दिसते, पण त्यातले बहुतेक एका जिल्ह्यात आणि त्या जिल्ह्यातही पंचवीस-तीस किलोमीटरच्या वर्तुळात आहेत.

कुणाचे किती राहिले हे एकदा मोजूनच काढावे, असे १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने ठरवले आणि अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. समितीने एक साधी, पण राजकारणाला अडचणीची कसोटी लावली. राज्याची सरासरी काढायची आणि जो जिल्हा तिच्या खाली असेल त्याला सरासरीपर्यंत आणायला किती रुपये लागतील ते लिहायचे. त्याला तिने अनुशेष म्हटले. १९८४ च्या अहवालात हा आकडा ३,१८६.७८ कोटी रुपये निघाला. विदर्भाचा वाटा सुमारे ३९ टक्के, मराठवाड्याचा सुमारे २४ आणि उर्वरित महाराष्ट्राचा ३७. शेवटचा आकडा पाहून अनेकांना धक्का बसला, कारण सोलापूर-अहमदनगरचे दुष्काळी तालुके आणि कोकण यांचाही अनुशेष आहे, हे विदर्भ-पश्चिम महाराष्ट्र भांडणात कुणी बोलतच नव्हते. सिंचनाचा अनुशेष एकूण रकमेत सगळ्यात मोठा होता.

एका गोष्टीची त्या वेळी फारशी चर्चा झाली नाही. ज्या नऊ विषयांचा अनुशेष रुपयांत मोजला गेला त्यांत रस्ते, सिंचन, गावांचे विद्युतीकरण, सामान्य आणि तांत्रिक शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा, भूविकास आणि पशुवैद्यक सेवा होत्या. उद्योग नव्हता. दांडेकरांचे म्हणणे समजण्यासारखे आहे. कारखाना खाजगी माणूस काढतो, तो सरकारी खर्चाच्या खात्यात कसा धरायचा? पण त्यामुळे विक्रीकराच्या रूपाने जो पैसा सरकार दरवर्षी सोडून देत होते, तो कोणत्या प्रदेशात किती गेला हा प्रश्न हिशेबाबाहेर राहिला.

२६ जुलै १९८४ रोजी विधिमंडळाने वैधानिक विकास मंडळे स्थापण्याचा ठराव एकमताने केला. मग दहा वर्षे काही झाले नाही. मार्च १९९४ मध्ये राष्ट्रपतींचा आदेश निघाला आणि ३० एप्रिलला विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांची तीन मंडळे अस्तित्वात आली. शरद पवार मुख्यमंत्री होते, पी. सी. अलेक्झांडर राज्यपाल. निधीवाटपाचा अंतिम शब्द आता राजभवनाचा होता. नव्या समितीने पुन्हा मोजणी केली तेव्हा अनुशेष चौदा हजार कोटींच्या पुढे गेला होता. दांडेकरांचा आकडा भरून काढेपर्यंत पुढचे पुढे निघून गेले होते. १५ डिसेंबर २००१ पासून राज्यपालांचे निर्देश निघू लागले. सिंचनाचा इतका पैसा विदर्भाला, इतका मराठवाड्याला.

राजकारणाने यावर तोड काढली. निर्देश लागू होतात अंदाजपत्रकातल्या पैशाला. १९९६ साली कृष्णा खोरे विकास महामंडळ निघाले आणि त्याने रोखे विकून पैसा उभा केला. बच्छावत लवादाने दिलेले कृष्णेचे पाणी सन २००० पर्यंत अडवायला हवे, हे कारण खोटे नव्हते. पण त्याचा परिणाम असा झाला की ज्या भागाचा अनुशेष कमी होता तिथे सर्वात मोठी कामे सुरू झाली आणि ती वाटपाच्या सूत्राच्या कक्षेत आली नाहीत. विदर्भासाठी तसेच महामंडळ पुढच्या वर्षी झाले. तोवर कृष्णेकाठची कंत्राटे निघालेली होती.

उद्योगांच्या बाजूला याच काळात जमीनच सरकली. २४ जुलै १९९१ ला दिल्लीने परवाना पद्धत मोडली. कारखाना कुठे काढायचा हे सांगण्याची सरकारची ताकद कमी झाली. १ जानेवारी २००० पासून सगळ्या राज्यांनी विक्रीकराच्या नव्या सवलती बंद करण्याचे ठरवले, कारण राज्याराज्यांच्या चढाओढीत सगळ्यांच्याच तिजोऱ्या गळत होत्या. हाती उरले ते पुन्हा १९६२ चे जुनेच हत्यार, म्हणजे जमीन, पाणी आणि रस्ता. एमआयडीसीने पंचतारांकित औद्योगिक क्षेत्रे काढली. बुटीबोरी, नांदगावपेठ, शेंद्रा, कृष्णूर, कागल-हातकणंगले, सिन्नर. शेंद्र्याला २००१ मध्ये स्कोडा आली. कृष्णूर आणि नांदगावपेठेला बरीच वर्षे रिकाम्या रस्त्यांवर दिवे जळत राहिले. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला आणि चाकणला वाहन कंपन्यांची रांग लागली. चाकणला सवलत मागास तालुक्यांपेक्षा कमी होती.

नागपूरच्या एम्प्रेस मिलचे काय झाले? १९८६ साली ती आजारी गिरणी म्हणून राज्य वस्त्रोद्योग महामंडळाच्या गळ्यात पडली आणि नव्या शतकाच्या सुरुवातीला कायमची बंद झाली. कापूस, कोळसा आणि रेल्वे तेव्हाही जवळच होती.

विजय केळकरांच्या समितीने २०१३ च्या ऑक्टोबरात अहवाल दिला आणि तो वर्षभराने नागपूर अधिवेशनात सभागृहासमोर आला. तिने जिल्ह्याऐवजी तालुका हे एकक धरले आणि निव्वळ अनुशेषाच्या जुन्या हिशेबापलीकडे जायला सांगितले. त्यामुळे प्रत्येक प्रदेशातल्या कुणाला ना कुणाला तो नकोसा वाटला. अहवालाची अंमलबजावणी तुकड्यातुकड्याने झाली, काही बाबतीत झालीच नाही. ३० एप्रिल २०२० ला, टाळेबंदीच्या काळात, तिन्ही विकास मंडळांची मुदत संपली आणि ती वाढवली गेली नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने त्यांच्या पुनरुज्जीवनाचा निर्णय घेतला.

दरम्यान मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग पूर्ण झाला. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी ५२० किलोमीटर खुले झाले आणि ५ जून २०२५ ला शेवटचा टप्पा उघडून ७०१ किलोमीटरचा रस्ता सलग झाला. तो दहा जिल्ह्यांतून जातो. जुलै २०२४ च्या अखेरीस टोयोटा किर्लोस्करने सुमारे वीस हजार कोटींच्या प्रकल्पासाठी राज्य सरकारशी सामंजस्य करार केला आणि जागा निवडली ती छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, पैठण रस्त्यावरची बिडकीन. पाणी जायकवाडीचे, रस्ता समृद्धीचा, सुटे भाग पुरवणारे वाळूजचे. महामार्गावरच्या वाशीम, बुलढाणा जिल्ह्यांतल्या चौकांलगत सध्या मोठ्या प्रमाणावर जमिनींचे व्यवहार होत आहेत. कारखाने अजून थोडे आहेत.